मेलबर्न पायी पाहताना: पहिल्यांदाच येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न खरोखरच पायी पाहता येते का?

मध्यवर्ती मेलबर्न, ज्याला इथले लोक नुसते ‘सिटी’ म्हणतात, ते पायी पाहता येते, आणि माझ्या मते ते पायीच पाहावे. महानगराची उपनगरे पसरत पसरत दूरवर गेली आहेत आणि तिथे जाण्यासाठी रेल्वे किंवा मोटारीवाचून पर्याय नाही. परंतु मूळ शहर साधारण १.६ किलोमीटर लांब आणि ०.८ किलोमीटर रुंद अशा आयतात बसलेले आहे. पश्चिमेच्या सदर्न क्रॉस स्थानकापासून पूर्वेच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील संसद भवनापर्यंत कुठेही न थांबता चालल्यास सुमारे अर्धा तास लागतो. मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिन्यांसाठी आलेले आपल्याकडचे आई-वडील बहुधा मोटारीतूनच शहर पाहतात आणि ‘मोठ्या इमारती आहेत, रस्ते स्वच्छ आहेत’ एवढीच आठवण घेऊन परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. या शहराचा जीव त्याच्या गल्ल्यांमध्ये आणि नदीकाठी आहे, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मोटार पोहोचतच नाही.

रस्ते एकसारखे दिसतात. दिशा कशी लक्षात ठेवावी?

शहराचा आराखडा १८३७ साली रॉबर्ट हॉडल या सरकारी मोजणी अधिकाऱ्याच्या हाताखाली आखला गेला. जमीनमोजणीतील साखळी ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे गणित चटकन उमगेल: प्रत्येक चौकोन दहा साखळ्यांचा, म्हणजे सुमारे २०० मीटरचा, मोठे रस्ते दीड साखळीचे, म्हणजे ९९ फूट रुंद, आणि त्यांच्या मधोमध जाणारे लहान रस्ते अर्ध्या साखळीचे, म्हणजे ३३ फूट रुंद. त्यामुळे एक चौक ओलांडला की दोनशे मीटर चालणे झाले, असा हिशेब मनातल्या मनात ठेवता येतो.

नदीकडून उत्तरेकडे जाताना फ्लिंडर्स, कॉलिन्स, बर्क, लॉन्सडेल आणि ला ट्रोब हे मोठे रस्ते लागतात. पहिल्या दोहोंच्या मधल्या लहान रस्त्याला फ्लिंडर्स लेन म्हणतात, आणि पुढच्यांना मोठ्या रस्त्याच्याच नावाआधी ‘लिटल’ जोडलेले असते. त्यांना छेदणाऱ्या उत्तर-दक्षिण रस्त्यांपैकी पश्चिम भागातले चार तर पाठच होऊन जातात: किंग, विल्यम, क्वीन, एलिझाबेथ. शहर आखले गेले तेव्हा ब्रिटनच्या गादीवर चौथा विल्यम राजा होता, हे लक्षात ठेवले की क्रम चुकत नाही. पूर्व-पश्चिम रस्त्यांवरील घरांचे क्रमांक स्प्रिंग स्ट्रीटपासून पश्चिमेकडे आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांवरील क्रमांक फ्लिंडर्स स्ट्रीटपासून उत्तरेकडे वाढत जातात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक काळ दुपारचा सूर्य आपण दक्षिणेकडे पाहतो, आणि न कळत त्यावरून दिशा ठरवतो. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस दिशेचा अंदाज हमखास उलटा निघतो. हे एकदा अंगवळणी पडले की त्याचा उपयोगही होतो: कॉलिन्स किंवा बर्कसारख्या रस्त्यावर उन्हाळ्यात सावली हवी असेल तर उत्तरेकडच्या इमारतींच्या कडेचा पदपथ धरावा, आणि जून-जुलैच्या थंडीत ऊन हवे असेल तर समोरचा.

शहर सपाट आहे का? गुडघ्यांना त्रास होईल का?

नकाशावर सपाट वाटते, पायांना मात्र चढ-उतार जाणवतो. एलिझाबेथ स्ट्रीट ज्या जागी आहे तिथे पूर्वी ओढा होता. रस्ता ओढ्यावरच बांधला गेला, पण पाणी आपली वाट विसरले नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये झालेल्या मोठ्या पावसात हा रस्ता अक्षरशः नदीसारखा वाहिला होता. म्हणून एलिझाबेथ स्ट्रीट हा सर्वांत सखल भाग समजावा आणि तिथून पूर्वेला संसद भवनाकडे व पश्चिमेला विल्यम स्ट्रीटकडे चढण आहे असे धरावे. ज्येष्ठांसोबत फिरताना मी नेहमी संसद भवनापासून सुरुवात करून उताराने खाली येतो. चढण पायी चढायची नसेल तर ट्राम आहेच.

गल्ल्यांविषयी इतके ऐकले आहे. त्यांत विशेष काय आहे?

हॉडलने आखलेले चौकोन खूप खोल होते. तेव्हाचे गव्हर्नर रिचर्ड बर्क यांच्या आग्रहामुळे मधून जे लहान रस्ते काढले गेले, त्यांचा उद्देश मोठ्या रस्त्यावरील इमारतींना मागून ये-जा करता यावी एवढाच होता. परंतु १८५१ मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, सोने सापडले, लोकांचे लोंढे आले, जमिनीचे भाव चढले आणि या मागच्या रस्त्यांवरही लोकांनी दर्शनी दुकाने आणि घरे बांधली. मग त्यांना मागची वाट हवी म्हणून आणखी अरुंद बोळ निघाले. आज आपण ज्या गल्ल्यांत कॉफी पितो, त्या अशा गरजेपोटी जन्मलेल्या आहेत. मोठे रस्ते सरकारने आखले, गल्ल्या मात्र लोकांनी घडवल्या, आणि म्हणूनच त्या मला अधिक बोलक्या वाटतात.

या गल्ल्यांत शिरल्यावर एकदा तरी खाली वाकून जमिनीकडे पाहावे. फरसबंदी काळसर निळ्या दगडी चिऱ्यांची आहे. इथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात, पण तो आहे बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेला, आपल्या सह्याद्रीतील काळ्या पाषाणाच्याच जातीचा दगड. शहराच्या पश्चिमेला लाव्हाची विस्तीर्ण पठारे आहेत, त्यामुळे हा दगड मुबलक होता. दोन्ही बाजूंचे चिरे मधोमध किंचित उतरते बसवलेले असतात आणि मध्ये पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ असते. वर्षानुवर्षांच्या चाकांनी आणि टाचांनी चिऱ्यांच्या कडा गोलसर झाल्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्यांना जी ओली काळी झळाळी येते, ती पाहून देवळाच्या किंवा जुन्या वाड्याच्या चौकाची आठवण झाली नाही असा मराठी माणूस विरळा. हे चिरे ओले असताना निसरडे होतात, म्हणून गुळगुळीत तळव्याची पादत्राणे टाळावीत.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरची डीग्रेव्ह्ज स्ट्रीट आणि तिच्या पुढचे सेंटर प्लेस यांपासून सुरुवात करावी. कॉलिन्स स्ट्रीट ओलांडून पुढे ब्लॉक आर्केड लागते. १८९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या या छताखालच्या बाजारपेठेची लहान रंगीत तुकड्यांनी जडवलेली जमीन पाहण्यासाठी गर्दी होण्याआधी जावे. तिथून जवळच रॉयल आर्केड आहे, जे १८७० सालचे आहे. त्याच्या एका टोकाला घड्याळाच्या दोन्ही बाजूंना गॉग आणि मॅगॉग नावाच्या राक्षसांचे भलेमोठे पुतळे उभे आहेत, आणि तासाचे ठोके देण्याचे काम त्यांच्याकडे आहे. मुले सोबत असतील तर घड्याळ पाहून पोहोचावे.

भित्तिचित्रांसाठी होझियर लेन प्रसिद्ध आहे. तिथली चित्रे सतत बदलत असतात. आज पाहिलेले चित्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रंगाखाली गेलेले असू शकते. त्यामुळे छायाचित्रात पाहिलेले विशिष्ट चित्र शोधत बसण्यापेक्षा त्या दिवशी भिंतीवर जे आहे ते पाहावे.

ट्राम मोफत आहे, हे खरे का?

होय. जानेवारी २०१५ पासून मध्यवर्ती शहर आणि डॉकलंड्स या भागात ट्रामचा प्रवास मोफत आहे. या पट्ट्यातच चढणार आणि उतरणार असाल तर मायकी, म्हणजे इथले प्रवासाचे तिकीट-कार्ड, यंत्राला लावण्याची गरज नाही. पट्ट्याची हद्द संपत आल्याची सूचना ट्राममध्ये दिली जाते. तिच्या पलीकडे जायचे असल्यास तिकीट लागते आणि तपासनीस येतात, म्हणून अंदाजाने बसून राहू नये. ३५ क्रमांकाची सिटी सर्कल ट्राम दिवसा मध्यवर्ती शहराला फेरी घालते. जुन्या लाकडी बनावटीच्या त्या डब्यात थकलेल्या पायांना विश्रांती मिळते आणि शहरही दिसत राहते.

विमानतळावर रेल्वे नाही. तिथून सदर्न क्रॉस स्थानकापर्यंत स्कायबस येते, आणि सदर्न क्रॉसपासून पायी फिरणे सुरू करता येते.

रस्ता ओलांडताना काय सांभाळावे?

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे आधी उजवीकडे पाहण्याची सवय इथेही उपयोगी पडते. फरक शिस्तीचा आहे. सिग्नल किंवा झेब्रा पट्टा वीस मीटरच्या आत असताना दुसरीकडून रस्ता ओलांडणे हा व्हिक्टोरियात दंडनीय गुन्हा आहे.

सिग्नलच्या खांबावर मोठे गोल बटण असते. ते दाबल्यावर टक्, टक् असा संथ आवाज चालू राहतो, आणि हिरवा माणूस दिसला की तोच आवाज एकदम जलद होतो. बटणाच्या पत्र्यावर हात ठेवला तर ती स्पंदने तळहाताला जाणवतात. दृष्टिहीन किंवा कर्णबधिर व्यक्तीलाही रस्ता ओलांडता यावा, यासाठी केलेली ही योजना आहे. शहराचा खरा आवाज कोणता असे मला कोणी विचारले तर मी ट्रामच्या घंटेच्या आधी या टकटकीचे नाव घेईन. लाल माणूस उघडझाप करू लागला की नव्याने पाऊल टाकायचे नसते, मात्र निम्म्यात असाल तर चालत पलीकडे जायचे असते.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, शहरातील अनेक चौकांत उजवीकडे वळणारी मोटार डाव्या कडेला येऊन थांबते आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटताना वळते. ट्रामचा मार्ग अडू नये म्हणून ही पद्धत आहे, पण नवख्या माणसाला ती मोटार कुठे निघाली आहे ते कळत नाही. दुसरी, बर्क स्ट्रीट मॉलमध्ये मोटारी नसतात, त्यामुळे माणसे निर्धास्त चालतात, परंतु मधून ट्राम धावत असते आणि ती फारसा आवाज करत नाही.

हाताशी एकच दिवस असेल तर कुठून कुठे चालावे?

सकाळी संसद भवनाच्या पायऱ्यांपासून निघावे. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १९०१ मध्ये स्थापन झाल्यापासून १९२७ पर्यंत, म्हणजे राजधानी कॅनबेराला जाईपर्यंत, देशाची संसद याच वास्तूत भरत असे. तिथून उत्तरेला दहा मिनिटांवर कार्ल्टन गार्डन्समध्ये रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आहे. १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुढे ला ट्रोब स्ट्रीटने पश्चिमेला उतरत स्टेट लायब्ररीपर्यंत यावे.

या ग्रंथालयासाठी किमान एक तास राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. १८५६ मध्ये सर्वांसाठी मोफत खुले झालेले हे ग्रंथालय जगातील सर्वांत जुन्या अशा ग्रंथालयांपैकी एक आहे, आणि आजही प्रवेशाला शुल्क नाही. १९१३ मध्ये उघडलेल्या घुमटाखालच्या अष्टकोनी वाचनकक्षात मध्यभागापासून आऱ्यांसारखी लांब मेजे पसरलेली आहेत. खाली बसून वर पाहावे आणि मग लिफ्टने वरच्या सज्ज्यात जाऊन खाली पाहावे. हिरव्या शेडच्या दिव्यांखाली विद्यार्थी मान खाली घालून अभ्यास करत असतात. तिथली शांतता कोणी लादलेली वाटत नाही. नेड केली या दरोडेखोराचे लोखंडी चिलखतही याच ग्रंथालयाच्या संग्रहात आहे, आणि त्याला ११ नोव्हेंबर १८८० रोजी जिथे फाशी दिले तो जुना तुरुंग इथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे.

दुपारी स्वॉन्स्टन स्ट्रीटने दक्षिणेला येत वाटेत लिटल बर्क स्ट्रीटवरील चायनाटाउन पाहावे, जे सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी लोकांनी १८५० च्या दशकात वसवले. नंतर वर सांगितलेल्या गल्ल्या, आणि संध्याकाळी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाच्या पिवळ्या इमारतीसमोर यावे. तिच्या प्रवेशद्वारावर गाड्यांच्या वेळा दाखवणारी घड्याळांची रांग आहे, आणि ‘घड्याळांखाली भेटू’ हा इथल्या अनेक पिढ्यांचा संकेत आहे. गटातील कोणी चुकले तर भेटण्याची जागा म्हणून हीच ठरवून ठेवावी.

नदीकाठी आणि क्रिकेटच्या मैदानापर्यंत चालत जाता येते का?

जाता येते, आणि संपूर्ण शहरातील माझी सर्वांत आवडती वाट हीच आहे. यारा नदीचे पाणी तपकिरी दिसते, ते त्यात तरंगणाऱ्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांमुळे. शहर इथेच का वसले, याचे उत्तरही नदीतच होते: आजच्या क्वीन स्ट्रीटच्या टोकाशी नदीच्या पात्रात बेसॉल्टचा आडवा खडक होता, त्याच्या खाली समुद्राच्या भरतीचे खारे पाणी आणि वर गोडे पाणी. जहाजे तिथपर्यंत येत आणि वरून पिण्याचे पाणी मिळे. पुढे १८८० च्या दशकात तो खडक सुरुंग लावून काढून टाकण्यात आला.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी कुलिन समूहातील वुरुंजेरी लोक आहेत आणि ते नदीला बिरारंग म्हणतात. युरोपीय वसाहत १८३५ मध्ये आली. त्याच्या आधी हजारो वर्षे ही त्यांची भूमी होती आणि आजही ते इथे आहेत. अनेक कार्यक्रमांच्या आरंभी त्यांच्या पूर्वजांना आणि ज्येष्ठांना आदरपूर्वक वंदन केले जाते, तेव्हा शांत राहून ऐकावे.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरच्या फेडरेशन स्क्वेअर या चौकाच्या मागच्या पायऱ्या उतरून बिरारंग मार या उद्यानातून काठाकाठाने पूर्वेला चालावे. उद्यानात ३९ उलट्या बसवलेल्या घंटांचा एक समूह आहे. पुढे विल्यम बराक पूल लागतो. हे नाव वुरुंजेरी समाजाच्या थोर नेत्याचे आहे. रेल्वेचे रूळ ओलांडून तो थेट यारा पार्कमध्ये, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या दारात उतरवतो. फेडरेशन स्क्वेअरपासून इथवर रमतगमत वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

मार्च १८७७ मध्ये इतिहासातील पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला. भारतीयांसाठी हे मैदान फेब्रुवारी १९८१ चे आहे, जेव्हा १४३ धावांचे लक्ष्य असताना दुखऱ्या मांडीने गोलंदाजी करत कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपला. आणि मराठी माणसासाठी ते डिसेंबर २०२० चे आहे. अ‍ॅडलेडला संघ ३६ धावांत बाद झाल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून इथे ११२ धावा केल्या आणि भारताने सामना ८ गडी राखून जिंकला. सामनावीर म्हणून त्याला जे पदक मिळाले ते जॉनी मुल्लाघ यांच्या नावाचे होते. मुल्लाघ हे १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या मूळ रहिवाशांच्या संघातील प्रमुख खेळाडू होते, आणि त्यांच्या नावाचे ते पदक मिळवणारा रहाणे हा पहिला खेळाडू ठरला. सामना नसलेल्या दिवशी मैदानाची मार्गदर्शकासह फेरी घेता येते.

आत गेला नाहीत तरी बाहेर यारा पार्कमधील जुने रेड गम वृक्ष शोधावेत. त्यांतील काहींच्या खोडावर माणसाच्या उंचीएवढा लांबट व्रण आहे आणि त्याच्या कडांनी साल आत वळून जाड झाली आहे. मूळ रहिवाशांनी होडी किंवा इतर वस्तू करण्यासाठी तिथली साल सोलून घेतली होती, झाड मात्र जगू दिले. एक लाख प्रेक्षकांच्या मैदानाशेजारी उभ्या असलेल्या त्या झाडांपुढे माझी पावले प्रत्येक वेळी थबकतात.

हवामान कसे असते आणि कपडे कोणते घ्यावेत?

एका दिवसात चार ऋतू, असे इथले लोक म्हणतात आणि ते खरे आहे. उन्हाळ्यात वाळवंटाकडून उत्तरेचा वारा सुटला की पारा ४० अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि मग दक्षिणेचा वारा फिरला की तासाभरात पंधरा अंशांनीही खाली येतो. एकच जाड कोट आणण्यापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे आणि वाऱ्यात न उलटणारी छत्री किंवा पावसाळी जाकीट घ्यावे. ऊन आपल्याकडच्यापेक्षा सौम्य वाटते, पण अतिनील किरणे तीव्र असतात. हवा थंड असतानाही त्वचा भाजते. रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन लावण्यात कंटाळा करू नये. डिसेंबरअखेरीस सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास आणि जूनमध्ये पाचच्या थोडे नंतर होतो, त्यानुसार दिवसाची आखणी करावी. मार्च-एप्रिल हा काळ चालण्यासाठी मला सर्वोत्तम वाटतो.

शाकाहारी जेवण, पाणी आणि स्वच्छतागृहे यांची सोय कशी आहे?

शाकाहारी खाणे सहज मिळते, मात्र अंडे किंवा माशांचा सॉस असतो का हे नीट विचारून घ्यावे. १८७८ पासून चालू असलेल्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये पालक आणि चीज भरलेला गरम बोरेक मिळतो, तो उभ्याउभ्या खाण्यात मजा आहे. हा बाजार सोमवारी आणि बुधवारी बंद असतो. अनेक पाहुणे नेमके त्याच दिवशी जाऊन परत येतात. कॉफीची दुकाने दुपारी तीन-चारला बंद होऊ लागतात, त्यामुळे आपल्या चहाच्या वेळेची सोय आधी पाहून ठेवावी. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्यावी. ग्रंथालय, बाजार, फेडरेशन स्क्वेअर आणि मोठी दुकाने इथे मोफत स्वच्छतागृहे आहेत.

रात्री चालणे सुरक्षित आहे का?

नदीकाठचा साउथबँक आणि मुख्य रस्ते रात्री उशिरापर्यंत वाहते असतात आणि तिथे कुटुंबासह फिरता येते. किंग स्ट्रीटवर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मद्यपान करून बाहेर पडलेल्यांची गर्दी असते, तो भाग त्या वेळी टाळावा. उजेड नसलेली उद्याने अंधार पडल्यावर ओलांडू नयेत. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी ००० हा एकच क्रमांक आहे. तो घरातील ज्येष्ठांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर राहत्या पत्त्यासह लिहून त्यांच्या खिशात ठेवावा.